निवट्याची वाघीण

पनवेल कोळीवाडा
५ जानेवारी २०२६

प्रणित,

तुझी चिठ्ठी आईने आणून दिली. सोबत प्रिंट काढलेलं पानही मिळालं. ‘प्राण्यांवरून प्रेरित मुलींची गोड नावे, अर्थासह.’ दोन वर्षांत मला एक ओळ लिहिली नाहीस आणि पहिल्यांदा लिहिलंस ते हे.

फोन लागत नाही अशी तक्रार केली आहेस. तुझा नंबर मी ब्लॉक केला आहे, तो तसाच राहील. काय सांगायचं ते कागदावर सांग आणि आईबरोबर पाठव. ती सोमवारी बाळाला बघायला विचुंब्याला येतेच. कागदावर माणूस थोडं कमी खोटं बोलतो, असं माझं मत आहे. तुझ्या लग्नाची पत्रिका सोडून.

नावांचं पान मी नीट वाचलं. पंधरा वर्षं पहिलीचा वर्ग घेते आहे, त्यामुळे असली नावं मला रोज सकाळी हजेरीत भेटतात. यंदा माझ्याकडे दोन शार्दूल आहेत. एक पालीला घाबरतो, दुसऱ्याला डबा उघडता येत नाही म्हणून रडू येतं. गेल्या वर्षी एक केसरी होता, त्याचं नाक बारा महिने वाहायचं. मुलांचा यात काही दोष नाही, मुलं चांगलीच असतात. आईबापांना वाटतं, नाव ठेवलं की निम्मं काम झालं.

तुझ्या पानावर हंसिका म्हणजे ‘विवेकी आणि राजेशाही’. मयूरा म्हणजे ‘नेतृत्वगुण असलेली’. मोर कुणाचं नेतृत्व करतो ते दिलेलं नाही. वृका म्हणजे ‘स्वतंत्र, कुटुंबवत्सल’. वृक म्हणजे लांडगा, हे साइटवाल्यांनी सांगितलं नाही आणि तूही शोधलं नसशील. ते जाऊ दे. माझं लक्ष गेलं ते तुझ्या पेनच्या खुणांवर. संपूर्ण पानात फुली एकाच नावावर आहे, मीनाक्षीवर. ‘माशासारखे सुंदर डोळे असलेली.’ म्हणजे वाघ चालतो, लांडगासुद्धा विचारात घेता येतो, मासा मात्र नको. तोही कोळ्याच्या पोराला. हे वाचून मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

आणि गोल केला आहेस शार्दूलीभोवती. ‘वाघासारखी निर्भय, सत्याला ताठ मानेने सामोरी जाणारी.’ असं नाव मी याआधी ऐकलेलं नाही, पण तुम्हाला आवडलं असेल तर ठेवा. मुलगी वाघीण झाली तर घरात तिची गाठ कुणाशी पडणार आहे, याचा तेवढा विचार कर.

प्राण्याचं नाव तुलाही होतं. रियाला सांगितलं आहेस का? तुझ्याआधीचे दोन मुलगे आईच्या हातून गेले होते. म्हणून तुझं नाव तिने निवटा ठेवलं. निवटी खाडीच्या चिखलात राहते. भरती ओसरली की बाकीचे मासे तडफडतात, ही चिखलावर उड्या मारत बसते. पाण्यात मरत नाही, पाण्याबाहेरही मरत नाही. आईने कुठलीही साइट न बघता काढलेला हा अर्थ. शाळेत घालताना बाबांनी प्रणित लिहिलं, तोवर सगळा कोळीवाडा तुला निवट्या म्हणायचा. तू जगलास. नावाने काम केलं असं आई म्हणते. मला विचारशील तर जरा जास्तच केलं. कुठल्याही चिखलात तुला राहता येतं.

आता मुद्द्याचं. बारशाला आत्या लागते आणि तुला बहीण एकच आहे. रियाच्या माहेरचे याबाबतीत कडक आहेत हे तू लिहिलं आहेस, म्हणून तर ही चिठ्ठी आली. बाळाच्या कानात नाव मी सांगावं असं तुझं म्हणणं. मी येईन. माझी अट एकच आहे. निमंत्रणावर आईचं नाव हवं. तिचं स्वतःचं, ठमाबाई.

लग्नाच्या पत्रिकेत तू ‘श्रीमती तनुजा धर्मराज’ छापलं होतंस. बाबांचं नाव भारदस्त होतं, ते चाललं. आईचं चाललं नाही. मांडवात बसून तिने ती पत्रिका हातात धरली होती आणि मला विचारलं होतं, तनुजा कोन? त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलत नाही. तू विसरला असशील म्हणून लिहिलं.

बाळाचा फोटो आईच्या मोबाइलवर आहे असं ती सांगते. मी पाहिलेला नाही.

नीता


१३ जानेवारी

प्रणित,

उत्तर मिळालं. दोन पानं. त्यात ‘समजून घे’ चार वेळा आलं आहे.

तुझं म्हणणं असं, की ठमाबाई छापलं तर रियाच्या घरच्यांना धक्का बसेल, कारण दोन वर्षं ते तनुजाच समजत आहेत. आणि आता कळलं, नुसतं तेवढंच समजत नाहीत. आई ‘सी-फूड एक्स्पोर्ट’मध्ये होती आणि आता निवृत्त झाली, असंही समजतात. हे मला नवीन आहे. आई आज पहाटे अंधारात करंजाच्या बंदरावर गेली, लिलावातून टोपल्या घेतल्या, टेम्पोत बसून बाजारात आली आणि दुपारपर्यंत ओट्यावर होती. निवृत्तीनंतर बाई बरीच राबते म्हणायची.

मधला मार्ग म्हणून निमंत्रणावर नुसतं ‘आजी’ छापायचं सुचवलं आहेस. आजी म्हणजे कोण, हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं. कल्पना चांगली आहे. तुझ्या नावाच्या जागी नुसतं ‘बाबा’ छाप, म्हणजे निदान सारखेपणा राहील.

शिवाय माझ्याकडून वचन मागितलं आहेस, की कानात मी शार्दूलीच म्हणेन, दुसरं काही नाही. तुला कसली भीती वाटते ते मला कळतं. आत्याने कानात पहिलं सांगितलं ते नाव लागलं, असं आपल्यात मानतात. मी वाकून निवटी म्हटलं तर तुमचा केक, फुगे, माइकवाली बाई, सगळं फुकट. वचन मी देणार नाही. तू थोडे दिवस घाबर. वाघिणीचा बाप आहेस, जमेल तुला.

आईला मी तुझी दोन पानं वाचून दाखवली नाहीत. मधला मार्ग तेवढा सांगितला. ती कोळंबी सोलत होती. म्हणाली, “त्याला लाज वाटते तं वाटू दे. माजं काय झिजतं त्यात?” मी म्हटलं, तुझं नाव झिजतं. त्यावर ती हसली आणि म्हणाली की नाव बाजारात आहे, तिथं कुणी हात लावत नाही, घरी तो म्हणेल ते. तुझ्या घरी गेल्यावर रिया ‘तनुजा मम्मी’ अशी हाक मारते आणि आई लगेच वळते, हे तिनेच मला सांगितलं. तेही एखादी गंमत सांगावी तसं. प्रणित, तुझ्याबद्दल मला जे वाटतं ते मी पत्रात लिहिते. आईबद्दल त्या क्षणी जे वाटलं ते लिहिणार नाही.

तुझ्या सोसायटीत सुकट भाजू नको म्हणून तिला सांगितलंस, ते तिने ऐकलं. येताना साडी बदलून ये म्हणालास, तेही ऐकलं. सोमवारी ती इथून निघताना तासभर हात घासत असते, लिंबू लावून. बाळाला घ्यायचं असतं ना. तू तिला घेऊ देतोस का, हे विचारायचं राहिलं. तिला विचारलं तर ती बाळ झोपलं होतं असं सांगते. दर सोमवारी झोपलेलंच असतं.

बाकी शार्दूलीची डावी भुवई तुझ्यासारखीच मध्येच तुटलेली आहे. तिला काजळ लावताना सांभाळून लावा, आजकाल बाजारात काहीही मिळतं.

नीता


२२ जानेवारी

प्रणित,

काल बाजारात जे झालं ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. उत्तर नको.

शाळा सुटल्यावर किल्ली घ्यायला मी बाजारात गेले होते. आई ओट्यावर बसून बोंबील साफ करत होती. शेजारच्या ओट्यावर गंगाबाई. दोघींचं आयुष्य त्या दोन ओट्यांवर गेलं आहे, तुला आठवत असेल. गंगाबाईच्या ओट्याखाली बसून तू अभ्यास करायचास. तेवढ्यात फाटकातून रियाची आई आत आली. ओल्या फरशीवरून निऱ्या उचलून, हातात कापडी पिशवी. तुमच्याकडे राहायला आली आहे हे मला माहीत नव्हतं.

आईने तिला माझ्याआधी पाहिलं. हातातला कोयता खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि ओट्यावरून उतरली. मला वाटलं, पुढे जाऊन भेटेल. तिने वळसा घातला आणि स्वतःच्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली. गिऱ्हाईक म्हणून.

गंगाबाईने एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्या बाईकडे पाहिलं. मग सरकून आईच्या जागेवर जाऊन बसली आणि म्हणाली, “काय पायजे गो बाय?”

आईने विचारलं, बोंबील ताजे आहेत का. गंगाबाई म्हणाली, “तुज्यापेक्षा ताजे हायेत.”

विहीणबाई जवळ आल्या. “अगं बाई, तनुजाताई, तुम्ही पण इथूनच घेता?” आई म्हणाली, हो, इथली मासळी बरी असते. तुझ्यासारखंच बोलली, पुस्तकी, स्वच्छ. मग ती भावावरून घासाघीस करू लागली. स्वतः पहाटे आणलेल्या बोंबलांवरून. गंगाबाईही सोडायला तयार नव्हती. बघणाऱ्याला खरंच वाटलं असतं. मलाच दोन क्षण वाटलं.

एवढ्यात आईचं रोजचं गिऱ्हाईक, ती बँकेतली बाई, मागून आली आणि म्हणाली, ठमाबाई, माझी कोळंबी ठेवलीत ना? आई वळली नाही. बाईने पुन्हा हाक मारली. आई बोंबलांकडे बघत राहिली. आपल्या नावाची हाक आल्यावर न वळायला किती जोर लागतो, ते मी तिच्या मानेवर पाहिलं. शेवटी गंगाबाईनेच सांगितलं, की ठमा घरी गेली, कोळंबी उद्या.

विहीणबाई तिथेच दुसऱ्या ओट्यावर सुरमई बघायला गेल्या, आमच्याकडे पाठ करून, बराच वेळ. आईला वाटलं असतं तर वळसा घालून परत जागेवर बसता आलं असतं. ती बसली नाही. स्वतःचे बोंबील स्वतः विकत घेतल्यासारखे पिशवीत टाकून ती सरळ घरी निघाली. बाजार उठेपर्यंत तिच्या ओट्यावर मी बसले. मला मासे साफ करता येत नाहीत. जाताना गंगाबाई एवढंच म्हणाली, “निवट्याला सांग, गंगी इचारत व्हती, पोर कशी हाय.”

रात्री आई जेवली नाही. पोट बिघडलंय म्हणाली.

तुझ्या पानावर जेवढे प्राणी आहेत ना प्रणित, त्यातला एकही आपल्या आईला तिच्या जागेवरून असं उठवत नाही.

निमंत्रण मिळालं. ‘आजी’ छापलं आहेस. कोपऱ्यात वाघाचं पिल्लू, मुकुट घातलेलं. अट मोडलीस, तेव्हा मी येणार नाही. माइकवाल्या बाईला सांग कानात सांगायला. तिला सवय असेल.

नीता


२ फेब्रुवारी

प्रणित,

मी काल आले, ते तुझ्यामुळे नाही.

हॉलमध्ये तू सगळ्यांना सांगत होतास की आईला बरं नाही. तिची तब्येत ठणठणीत आहे. शनिवारी संध्याकाळी मी तिची मोरपंखी साडी इस्त्री करून ठेवली होती. मी जाणार नव्हते, पण तिने जावं, नात बघावी, तुमचं तुम्ही बघा, असं मी ठरवलं होतं. सकाळी उठून पाहते तर ती रोजच्या लुगड्यात, डोक्यावर चुंबळ, निघाली होती. रविवार होता, बाजाराचा मोठा दिवस.

मी विचारलं, बारशाला नाही जायचं?

ती म्हणाली, “त्या दिशी मी माज्या ओट्यावरून उटली. पोरासाटी आजवर लय केलं, त्याचं काय नाय. पन ते नव्हतं करायचं. आता मी कुनासाटी उटायची नाय.”

दारात थांबून मला म्हणाली, “तू मातर जा. नाव आत्यानंच ठेवायचं. तिनं काय केलंय बिचारीनं?”

मग त्या मोरपंखी साडीला इस्त्री होतीच, तीच मी नेसले.

पुढचं तुझ्यासमोर झालं. पाळण्यात आधी वरवंटा ठेवला तेव्हा माइकवाल्या बाईने विचारलं हे काय आहे, आणि रियाच्या मावशीने तिला दटावलं, तेवढं मला आवडलं. मी वाकले तेव्हा बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. रियाच्या आईचा हात चांगला जड आहे. तू केकजवळ उभा राहून घाम पुसत होतास. बाळाच्या कानात मी शार्दूली म्हणाले. एकदाच, स्पष्ट. दुसरं काही नाही. तिच्या कानाशी असताना तुझ्यावर सूड उगवायचं मनातसुद्धा येत नाही. हे मला आधी माहीत असतं तर तुला वचन देऊन टाकलं असतं आणि तुझ्या दोन आठवड्यांच्या झोपा वाचल्या असत्या. त्या गेल्या याचं वाईट वाटत नाही.

तुला माहीत नसलेली गोष्ट आता सांगते. रिया बाळाला पाजायला आतल्या खोलीत गेली, तेव्हा मी तिच्यामागे गेले. सरळ सांगून टाकलं. म्हटलं, आई आजारी नाही, ती बाजारात आहे, मासे विकते, आणि तिचं नाव ठमाबाई आहे.

रिया म्हणाली, “माहीत आहे ताई मला. लग्न झालं त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं.”

आईने तुमच्याच स्वयंपाकघरात सांगितलं. वर बजावलं की तुला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नको, त्याला फार लागेल. म्हणून ती पोरगी दोन वर्षं तनुजा मम्मी म्हणते आहे. तू घराबाहेर पडलास की ‘आई’ अशी हाक मारते. बाळ सोमवारी झोपलेलं नसतं. तू ऑफिसला गेलास की ते दिवसभर आईच्या मांडीवर असतं. तू परत यायच्या आत ते पाळण्यात जातं आणि आई खुर्चीवर जाऊन बसते, पाहुण्यासारखी. मला ती झोपलं होतं सांगायची, कारण मी तुझ्याशी भांडेन.

रियाच्या आईलाही सगळं ठाऊक आहे. सुरमईकडे बघत त्या पाठ करून उभ्या राहिल्या, त्या आईला परत जागेवर बसता यावं म्हणून. आई बसली नाही त्याला त्या काय करणार?

म्हणजे तुझ्या या खोट्यावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या घरात एकच आहे, तू. बाकीच्या बायका तुझ्यासाठी ते सांभाळत बसल्या आहेत, लहान मुलाच्या खेळण्यासारखं. मी तुला लबाड समजत होते. लबाड माणसाला निदान आपण कुणाला फसवतो ते ठाऊक असतं.

रिया तुला आज सांगणार आहे. म्हणाली की शार्दूली नाव तिलाही आवडलं होतं, पण अर्थ वाचताना तिला दर वेळी तुझ्याकडे बघायचा संकोच वाटायचा.

हे पत्र पोस्टाने पाठवते आहे. आई आता पाकिटं नेणार नाही.

नीता


५ फेब्रुवारी

प्रणित,

हे शेवटचं. यानंतर मी लिहिणार नाही आणि तूही लिहू नकोस. बाळाला भेटायला मी येईन, त्यासाठी रियाचा नंबर माझ्याकडे आहे.

काल तू बाजारात आलास तेव्हा मी बर्फाच्या पेटीमागे उभी होते. रियाने तुला पाठवलं होतं हे मला माहीत होतं, तिने सकाळीच कळवलं. आईला गाडीत बसवून घरी आणायचं, बाळ तिच्या मांडीवर द्यायचं, एवढंच काम. तू फाटकातून आत आलास तेव्हा तुझा चेहरा बरा वाटत होता. खरं सांगते, मला वाटलं जमेल तुला. गंगाबाईने तर बसायला पाट पुसून ठेवला होता.

मग तुमच्या सोसायटीचे ते चेअरमन दिसले, पलीकडच्या ओट्यावर कोळंबी बघत होते. त्यांनी तुला हाक मारली. काय प्रणितजी, तुम्ही पण इथूनच घेता का? तू हो म्हणालास. त्यांनी आईकडे बोट दाखवून विचारलं, ही चांगली देते का हो? आई तुझ्याकडे बघत होती. तिने काही खूण केली नाही, मी नीट पाहत होते. या वेळी ती जागेवरून उठलीही नाही.

तू म्हणालास, “हो हो, चांगली देते.” आणि मग तिला म्हणालास, “मावशी, पापलेट कशी दिली?”

आईने भाव सांगितला. कमी नाही, जास्त नाही, सगळ्यांना सांगते तोच. मोठी जोडी निवडली, साफ केली, तुला आवडतात तशा तिरप्या चिरा पाडल्या, पिशवीत घातली. चेअरमनसाहेब बघत होते म्हणून तू पाकीट काढलंस. तुला वाटलं असणार, ती हात हलवून राहू दे म्हणेल. आजवर तुझ्याकडून तिने कशाचे घेतले आहेत? तिने हात पुढे केला. पैसे घेतले, मोजले, सुट्टे परत दिले, आणि तुझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला म्हणाली, “बोला शेट.”

तू गेल्यावर मी पेटीमागून पुढे आले. विचारलं, आई, त्याच्याकडून पैसे का घेतलेस?

ती पुढची मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, “गिऱ्हाईक व्हता. गिऱ्हाईकाकडून नाय तं कुनाकडून घ्यायचे?”

नीता